घराला एक पाटकरी हवा

रात्री पावणेतीनला नळ फुसफुसला आणि तू उठलीस, हो ना? धाकटं छातीशी, थोरलं पांघरुणात, नवरा घोरतोय आणि तू अंधारात पायाने बादली चाचपडतेस. आतून सासूबाईंचा आवाज, "पानी उनं का वं?" आणि तुझं मनातल्या मनात मोजणं सुरू. पिण्याचे दोन हंडे, मोरीतलं टिपाड, गच्चीवरची टाकी, धाकट्याचे जुलाब थांबले नाहीत तर दुपट्यांसाठी वेगळ्या दोन बादल्या. अगं, हे सगळं मी केलंय. माहेर जळगाव, सासर धुळे. पाण्याच्या बाबतीत म्हणशील तर आगीतून उठून फुफाट्यात.

परवा तू म्हणालीस ना, "ताई, मला हे जमत नाही, मीच कमी पडते." ते मला जरा लागलं, म्हणून हे लिहायला बसले. बघ, नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं यात तू कुठे कमी पडलीस? तू तर दोन लेकरं, एक कूलर आणि चार पाहुणे त्या एका टाकीत बसवून दाखवतेस. तू दमलीस ते पाण्याने कमी आणि पाण्याच्या हिशोबाने जास्त दमलीस. तो हिशोब सगळाच्या सगळा तुझ्या एकटीच्या डोक्यात असतो. घरात दुसऱ्या कुणाला विचार, "टिपाडात किती पाणी आहे?" तर माणूस उठून झाकण उघडून बघेल. तुला झोपेतही माहीत असतं.

खरं सांगू का, माझी सुरुवात तुझ्याहून वाईट झाली. आमच्या जळगावला तेव्हा दिवसाआड नळ यायचा. आधी गिरणेचं दापोऱ्याचं, मग वाघूरचं पाणी. आईची पद्धत अशी की नळ यायच्या तासभर आधी कालचं पाणी ओतून द्यायचं, हंडे घासून लखलखीत करायचे आणि ताजं भरायचं. शिळं पाणी घरात ठेवणं म्हणजे तिच्या लेखी आळशीपणा. तीच सवय घेऊन मी धुळ्याला आले. लग्नाला जेमतेम तीन आठवडे झाले होते. सासूबाई म्हणाल्या, उद्या नळाचा दिवस. सुनेने लगेच हुशारी दाखवली. दोन्ही पिंपं मोगऱ्याला, तुळशीला आणि अंगणाला पाजली, आतून घासली आणि उन्हात पालथी घातली. दुसऱ्या दिवशी कळलं की कुठेतरी मोठी पाइपलाइन फुटलीय आणि आता चार दिवस नळ नाही. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत. फक्त मोगऱ्याकडे बघून म्हणाल्या, "यंदा फुलं चांगली येतील." त्या वाक्याने मी जेवढी शहाणी झाले तेवढी कुठल्या बोलण्याने झाले नसते.

तेव्हा पहिली गोष्ट, पाणी शिळं होत नाही गं. वरण शिळं होतं, भात शिळा होतो. स्वच्छ भांड्यात, झाकण लावून, हात न बुडवता ठेवलेलं नळाचं पाणी चार दिवसांनीही पाणीच असतं. ते खराब होतं ते आपल्या ओंजळीने, उघड्या तोंडाने आणि पेला बुचकळण्याने. लांब दांड्याचा ओगराळा घे, नाहीतर तोटीचं पिंप घे. हंड्यावर झाकण ठेव आणि झाकणावर पेला ठेवायची सवय मोड, कारण तोच पेला मुलं आत बुचकळतात. नवीन पाणी खरोखर भांड्यात पडेपर्यंत जुन्याचा थेंब टाकायचा नाही. भरून झालं की मग जुनं पिण्याचं पाणी मोरीत, मोरीतलं संडासाला. पाण्याला पेन्शनीत काढायचं, पण एकदम घराबाहेर काढायचं नाही.

आता तो हिशोब. पाणी कधी येणार ते आपल्या हातात नाही, पण आहे ते किती दिवस पुरेल ते कळू शकतं. तुझ्या गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. आठ दिवसांनी पाणी येतं असं धर. म्हणजे रोजचे १२५ लिटर. घरात चारच माणसं धरली तरी माणशी ३१. शहरात माणशी रोज १३५ लिटर मिळावं असं सरकारी मोजमाप सांगतं आणि जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसालाही ५५ धरलेत. तू ३१ मध्ये आंघोळ, धुणं, भांडी, स्वयंपाक, संडास आणि बाळाचं सगळं करतेस. आता सांग, कोण कमी पडतंय? मी हा आकडा पहिल्यांदा वाण्याच्या कागदावर मांडला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही फुकट गेलं.

हा हिशोब डोक्यातून काढ आणि भिंतीवर लाव. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर नळ आला त्या तारखेला निळा गोल कर. किती वाजता आला, किती वेळ होता, पाणी गढूळ होतं का, तेवढं दोन शब्दांत लिही. महिनाभरात तुला त्या नळाचा स्वभाव कळेल. आमच्या गल्लीतला नळ आठवड्याचा वार पाळायचा नाही, पण मधले दिवस बऱ्यापैकी पाळायचा. ते तीन महिन्यांचे गोल बघितल्यावर समजलं. दुसरं, टिपाडाला आतून ऑइलपेंटची एक तांबडी रेघ मार. पाणी रेघेखाली गेलं की धुणं बंद, फरशी बंद, फक्त पिणं, स्वयंपाक आणि बाळ. ही रेघ सगळ्यांना दिसते. नवऱ्याला, सासऱ्यांना, सहा वर्षांच्या थोरल्यालाही. तू "पाणी जपून वापरा" म्हणून ओरडायचीस आणि कुणी ऐकायचं नाही. रेघ ओरडत नाही, म्हणून तिचं ऐकतात.

हिशोब एकटीने वाहायचा नाही, हे मला सुचलं कुठून, सांगते. माझ्या आजोळी, साक्री तालुक्यात, पांझरेवर जुन्या फड पद्धतीचे बंधारे आहेत. शेकडो वर्षांची ती व्यवस्था. नदीला ठिकठिकाणी बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली शेतांचे फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. कुणाच्या वावरात पाणी कधी सोडायचं ते प्रत्येक शेतकरी आपापल्या डोक्याने ठरवायचा नाही. त्यासाठी पाटकरी नेमलेला असायचा. पाणी द्यायचं काम त्याचं, त्याच्या कामात शेतकऱ्याने खो घालायचा नाही. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे तेही सगळ्यांनी मिळून आधीच ठरवायचं. आजोबा हे सांगायचे तेव्हा मी बोरं खात बसलेली असायची. तीस वर्षांनी, धुळ्याच्या मोरीत, कमरेला पदर खोचून उभी असताना ते मला आठवलं. म्हटलं, नदीकाठच्या अख्ख्या गावाला पाटकरी होता आणि माझ्या घरात पाट मीच, बंधारा मीच, पाटकरीही मीच!

तर तुझ्या घरातही पाटकरी नेम. तू सोडून. एक आठवडा नवरा, एक आठवडा दीर, कुणीही. रात्रीचा नळ ज्याच्या पाळीत येईल त्याने उठायचं. तू उठायचं नाहीस, हे महत्त्वाचं. मला माहितीय, तू पडल्या पडल्या बादलीचा आवाज ऐकत राहशील आणि "अहो, आधी पिण्याचं भरा" असं ओरडशील. ओरडू नकोस. आमच्या ह्यांनी पहिल्या रात्री काय केलं सांगू? पिंपं भरली, हंडे भरले, मग जोरात येऊन कुकर, पातेली, इडलीपात्राचं खालचं भांडं, पुरणयंत्राचा डबा, सगळं भरून ओट्यावर ओळीने मांडलं. सकाळी चहाला भांडं नव्हतं. मी हसायचं की रडायचं ठरवेपर्यंत त्यांनी इडलीपात्रात चहा टाकला होता. पण दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःहून विचारलं, आधी काय भरायचं? तो क्रम मी कपाटाच्या दाराला चिकटवला. पहिली बादली संडासाची, मग पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग मोटार टाकीवर, शेवटी टिपाड. आज पंधरा वर्षं झाली, तो कागद अजून आहे. नळाला आमच्या घरात आता मी दिसत नाही.

पहिली बादली संडासाची का, ते समजून घे, कारण यात लेकरांच्या पोटाची गोष्ट आहे. आठवडाभर नळ बंद असतो तेव्हा जमिनीतली पाइप रिकामी पडलेली असते. तिला कुठे चीर असेल, आणि शेजारून गटार जात असेल, तर घाण आत झिरपते. पाणी सुटलं की ती सगळी आधी आपल्याकडे येते. म्हणून पहिलं गढूळ पाणी भांड्यात घ्यायचंच नाही. टिल्लू पंप नळाला थेट लावला की हे आणखी वाढतं. तो पाइपमधून ओढतो, त्या चिरेतलं सगळं ओढतो, आणि पुढच्या घरच्या बाईच्या वाटचं पाणीही ओढतो. नियमातही तो बसत नाही. आम्हीही लावला होता गं, मी सोवळी नाही. पण ओल्या मोरीत, ओल्या हाताने, अर्ध्या झोपेत पिन बसवताना एकदा मला झटका बसला आणि मी भिंतीवर आदळले. त्या दिवसापासून टिल्लू भंगारात. नळाचं पाणी आधी खालच्या हौदात पडू दे, नाहीतर टिपाडात, आणि तिथून मोटारीने वर चढव.

गढूळ पाण्याला तुरटी फिरवतेस ते बरोबर आहे, पण तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तीनपदरी फडक्यानेही नाही. लहान मूल असलेल्या घरात पिण्याचं पाणी खळखळ उकळी येऊन मिनिटभर तरी उकळायचं आणि त्याच भांड्यात झाकून गार करायचं. गॅस वाचवायचा असेल तर क्लोरीनचं औषध किंवा गोळी वापर. बाटलीवर लिहिलंय तेवढंच टाकायचं आणि अर्धा तास थांबायचं. टँकरच्या पाण्याला तर हे हवंच. आणि ते थंड पाण्याचे जार येतात ना दारावर, ते थंड असतात एवढंच खात्रीने म्हणता येईल. जारावर थंडीचं दव बघून मीही फसलेय.

आता जरा जवळ ये, कारण ही गोष्ट मी फार लोकांना सांगत नाही.

माझा मुलगा अकरा महिन्यांचा होता. धरून धरून चालायचा. मे महिना, दुपारचे दोन, बाहेर ४४ डिग्री. मी ओट्यावर ज्वारीचा चीक हाटत होते, बिबड्यांसाठी, आणि चीक हाटताना हात थांबवता येत नाही. मोरीत निळा टब होता, त्यात वीतभर पाणी. एवढंसं पाणी, त्याला कोण झाकतं? मागे सारखा चाललेला "ता ता ता" असा आवाज थांबला. आवाज आला म्हणून नव्हे, आवाज थांबला म्हणून मी वळले. तो टबाच्या काठावर पोटावर लोंबकळत होता, पाय जमिनीपासून सुटलेले, आणि तोंड पाण्याला टेकलेलं. हात दोन्ही पाण्यात, पण त्याला मागे ढकलता येत नव्हतं. त्या वयात लेकरांचं डोकं बाकी अंगाच्या मानाने जड असतं. एकदा पुढे कलंडलं की मूल स्वतःला वर काढू शकत नाही आणि त्याला ओरडताही येत नाही. मी उचललं, तो खोकला आणि रडला. बस, एवढंच झालं. चीक करपला. मी रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसले होते.

पाणी नसलेल्या गावात घराघरात पाणी साठवलेलं असतं, म्हणून आपल्या घरात हा धोका जास्त आहे. नदीची भीती आपण मुलांना घालतो, टबाची घालत नाही. तेव्हा मोरीला दार आणि दाराला वरच्या बाजूला कडी. टिपाडाला घट्ट बसणारं झाकण, वर ठेवलेलं ताट नको, ते हाताने सरकतं. हौदाच्या झाकणाला कुलूप. रिकामा टब आणि बादली पालथी. आणि पाळणा, झोका, खेळणं, काहीही मोरीसमोर नको. पाटकरी कोणीही असो, भरून झाल्यावर झाकणं मोजायची. आमच्याकडे सात आहेत. सात झाकणं लागली की दिवा बंद.

त्याच झाकणाने डेंग्यूचा डास अडतो, हे वर फुकट. तो स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, दिवसा चावतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे बघ, आपल्या दोन नळांमधल्या दिवसांत त्याचं अख्खं बाळंतपण उरकतं. आरोग्य खात्याच्या ताई येऊन "कोरडा दिवस पाळा" म्हणतात, त्यावर तू मला म्हणालीस, "पाणीच नाही तर ओतायचं काय?" रास्त आहे तुझं. सगळी भांडी एका दिवशी रिकामी करूच नकोस. नळाच्या आदल्या दिवशी जे भांडं आपोआप तळाला आलंय ते घास. पुढच्या वेळी दुसरं. पण नुसतं पालथं घालू नकोस, काथ्याने आतून खसखसून घास, पाण्याची जिथे रेघ असते तिथे जास्त. अंडी भांड्याला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. कूलरची टाकीही यातच धर. हौदात सोडायला गप्पी मासे मिळतात, मुलांनाही गंमत. माझ्या मुलीने आमच्या पाचही माशांची नावं ठेवली होती आणि हौद धुताना रडून गोंधळ घातला होता.

कूलरचं निघालंच आहे तर सांगून टाकते. तो पाणी पितो, आणि पुष्कळ पितो. आमचा मोठा कूलर रात्रभरात दोन-तीन बादल्या संपवतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात कूलर बंद ठेव असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी तू ऐकणार नाहीस. पण सगळं घर एका खोलीत झोपव. दोन कूलर चालवायचे दिवस आपले नाहीत. त्याला वापरलेलं पाणी मात्र घालू नकोस. मी एकदा तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, काटकसर म्हणून. तिसऱ्या दिवशी सगळं घर आंबलेल्या इडलीच्या पिठासारखं घमघमत होतं.

दुपट्यांचं काय करायचं विचारलंस. शीचं दुपटं आधी झाडूच्या काडीने संडासात झटक, मग भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात एकदा पिळ, मग साबण. साबण निम्मा घाल गं, फेस काढायलाच आपलं सगळं पाणी जातं. बोअरचं पाणी जड असेल तर साबण फुटतच नाही आणि आपण आणखी चोळत बसतो. त्यापेक्षा आदल्या रात्री भिजवून ठेव. शेवटचं खंगाळलेलं पाणी पुढच्या पिळ्याचं पहिलं पाणी. आणि वाळवायला आपल्याला जे ऊन मिळालंय ते दुसऱ्या कुणाला मिळालंय? वीस मिनिटांत दुपटं पापडासारखं. आणि पाणी रेघेखाली असेल त्या आठवड्यात सरळ बाजारचे डायपर वापर. सासूबाई काय म्हणतील म्हणून रात्री अकराला दुपटी धुवत बसू नकोस. त्यांना ३१ लिटरचा कागद दाखव. आरओ असेल तर त्याची टाकाऊ पाण्याची नळी बादलीत सोड. एक लिटर शुद्ध करायला तो दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. ते फरशीला चालतं, संडासाला चालतं.

एका बाबतीत मात्र काटकसर नाही, आणि इथे मी तुला दटावणार आहे. तू पाणी कमी पितेस. मला दिसतं. सगळ्यांना पेले भरून देतेस आणि स्वतः घोटभर घेऊन भांडं जागेवर ठेवतेस. अंगावर पाजणारी बाई आहेस ना तू? मग दूध कशाचं होईल? पुन्हा संडासाला पाणी लागेल म्हणून पिणंच टाळायचं, हे मीही केलंय, आणि लघवीच्या जळजळीने दवाखान्यात जाऊन बसलेय. बाळाला पाजायला बसशील तेव्हा शेजारी तांब्या भरलेला हवा. तो तुझ्यासाठी आहे.

आणि बाळाला मात्र सहा महिने पुरे होईपर्यंत वरचं पाणी द्यायचं नाही. उन्हाळ्यात सगळ्या आत्या-मावश्या म्हणतील, "लेकराचा घसा सुकला, चमचाभर पाज." आईच्या दुधात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं, उन्हाळा असला तर आणखी दोन वेळा पाज, बस. वरच्या पाण्याने दूध पिणं कमी होतं आणि जुलाबाला वाट मिळते. थोरल्याला जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट पुरतं एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घाल. अर्धं पाकीट, अर्धं पाणी असलं अंदाजाचं काम नको. घरात पाकीट नसेल तर एका लिटरला चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. डॉक्टर झिंक देतील ते जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायचं. पण सहा तासांत लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, तर घरगुती काही करत बसायचं नाही, उचलायचं आणि निघायचं.

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, येतेय, नाही? बघ, आपल्या खान्देशाची रीत कशी ती. वैशाखात, पाण्याचा ठणठणाट असताना, घागर भरून पूजायची, आणि त्याच दिवशी लेकी माहेरी येणार, झोके बांधणार, सांजोऱ्या, पुरणपोळी, पाहुण्यांच्या आंघोळी. आई दर आखाजीला चार टिपाडं उधार आणायची शेजाऱ्यांकडून. मी सासरी पहिल्या वर्षी लाजेने काही बोलले नाही आणि नणंदांच्या पाठोपाठ शेवटच्या बादलीत आंघोळ केली. आता मी आठ दिवस आधी फोन करते, "या गं सगळ्या, पण नळ बुधवारी आहे, तर मंगळवारी येऊ नका." कुणी रागावत नाही. सगळ्यांच्या घरी हेच असतं, फक्त पहिलं कुणी बोलायचं तो प्रश्न.

आणि बोलायचं म्हटलं तर बाहेरही बोल. धुळ्याला डेडरगाव आहे, नकाणे आहे, तापीचं येतं, अक्कलपाड्याचं येतं, जळगावला वाघूर आहे. तलावांची नावं मोजली तर आपण पाण्यात पोहायला हवं होतं. विश्वेश्वरय्यांसारखा इंजिनिअर १८८४ साली नोकरीला लागला तेव्हा त्याच्या अगदी पहिल्या कामांत आपल्या पांझरेवरचं सायफनचं काम होतं, हे मी मुलांना मोठ्या तोऱ्यात सांगते, आणि मुलगा विचारतो, "मग आपल्या नळाला पाणी का नाही?" माझ्याकडे उत्तर नसतं. पण ते निळे गोल असलेलं कॅलेंडर असतं. गल्लीतल्या सहा जणींनी मिळून तसले सहा कागद पाणी खात्यात नेले आणि तारखा दाखवल्या, तेव्हा समोरचा माणूस पहिल्यांदा खुर्चीतून पुढे झुकला. "पाणी येत नाही हो" याला ते लोक सरावलेत. "अठरा तारखेनंतर दहा दिवस नाही, आला तर बावीस मिनिटं, पहिल्या तीन बादल्या काळ्या" याला सरावलेले नाहीत. आमचा व्हॉल्व्ह निम्माच उघडत होता, ते त्या दिवशी कळलं. लेखी दे, पोच घे, एकटी जाऊ नकोस, बाळाला घेऊन जा. बाळ रडलं की काम लवकर होतं.

आता हे वाचून एकदम सगळं करायला उठू नकोस, मी तुला ओळखते. या आठवड्यात तीनच गोष्टी कर. झाकणं, तांबडी रेघ आणि पाटकरी. नवरा म्हणेल मला सकाळी ड्युटी आहे. त्याला म्हणावं, मलाही आहे. त्याला इडलीपात्र भरू दे. आणि नळाच्या पुढच्या रात्री फुसफुस ऐकू आली की त्याला कोपराने ढोस, कूस बदल, आणि झोप.